पियानोची जागा

आशयच्या व्हायोलाला नारायणराव 'सर्दी झालेलं व्हायोलिन' म्हणायचे. व्हायोलिनपेक्षा थोडं थोरलं, घोगरं असं ते वाद्य, आणि त्यावर जॅझच्या ढंगाची कसली ती वाकडीतिकडी धून! "अरे, सुरावर ये की लेका!" असं ते झाशीत, नगऱ्यातल्या घरात ओरडायचे, आणि आशय मुद्दाम आणखी वाकडं वाजवायचा. "बाबा, पियानोबरोबर ऐका एकदा," म्हणायचा. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलवर जाऊन त्याचं आणि पियानो वाजवणाऱ्या पूर्णिमाचं एकत्र ऐकायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही.

सहा महिन्यांपूर्वी शहराबाहेर बबिन्याच्या रस्त्यावर ट्रकनं मोटारसायकल उडवली आणि एकुलता एक पोरगा गेला. दिवाळीनंतर पूर्णिमाशी त्याचं लग्न ठरलं होतं.

मागे राहिलं एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र. पूर्णिमाला घरी सराव करता यावा म्हणून आशयनं त्यात व्हायोलाचा तेवढा भाग भरून ठेवला होता. तिचे वडील फौजेत. त्यांची बदली झालेली, सोमवारी बिऱ्हाड झाशी सोडणार. जाण्याआधी एकदा त्याच्याबरोबर वाजवायचंय, एवढं एकच मागणं पोरीनं मागितलं होतं.

द्यायचं तर चांगलं करून द्यावं, असं नारायणरावांना वाटलं. सदर बाजारात मुकेशच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी आधी खरखर काढून घेतली. मग मुकेश म्हणाला, "अंकल जी, बीच में डेढ़ मिनट खाली है. काट दूँ?"

"काट दो भैया. थक गया होगा लड़का."

काय म्हणावं या माणसाला! चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड. नवं टाइमटेबल लागू झालं की जुनं जवळ ठेवायचं नाही, घोटाळा होतो, हे अंगात मुरलेलं. नवी प्रत मोबाइलवर घेतली आणि जुनं स्वतः उभं राहून पुसायला लावलं. घरी येऊन ऐकतात तो काय, त्या रिकाम्या जागेच्या तोंडाशी आशय एक वाक्य बोलला होता, त्यांनी कितीदा ऐकलेलं, तेही गेलेलं. अख्ख्या यंत्रात पोराचा बोलता आवाज तेवढाच होता. धावत परत गेले, तर मुकेशनं हात जोडले. बायकोला, पुष्पाताईंना, सांगायचा धीर झाला नाही. निदान धून तरी स्वच्छ झाली, असं ते मनाला समजावत राहिले.

शनिवारी दुपारी पूर्णिमा हॉलमधल्या पियानोवर बसली. मोबाइलमधून व्हायोला निघाला आणि तिचे हात त्याच्यामागून चालू लागले. नारायणराव ऐकतच राहिले. वाकडं कुठं होतं हे? घरी इतकी वर्षं त्यांनी अर्धीच धून ऐकली होती.

एका लांब सुरावर व्हायोला विसावला. पूर्णिमानं डोळे मिटले, हात उचलले, आणि व्हायोला लगेच पुढे निघाला. तिचे हात तसेच हवेत राहिले.

"पुन्हा लावा, काका."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"इथे माझी जागा होती," ती म्हणाली. "इथे लिहिलेलं काहीच नाही, मला सुचेल ते वाजवायचं. मी कितीही लांबवलं तरी तो पायानं ठेका धरून थांबायचा. सराव करतानासुद्धा थांबायचा. मग आता का नाही थांबत?"

मशीन बिघडलं, असं सांगून सुटता आलं असतं.

"मी कापलं गं," नारायणराव म्हणाले. "मला वाटलं, रिकामं आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "तिथे काही बोलला होता?"

"हो."

"काय?"

"'सावकाश येऊ दे, पूर्णी. मी थांबलोय.'"

पूर्णिमानं पट्ट्यांवर कपाळ टेकलं आणि सगळे सूर एकदम भसकन वाजले. ती हमसून हमसून रडली. मग ओढणीनं तोंड पुसून ताठ बसली.

"पुन्हा लावा. तिथे आलं की बंद करा, आणि ते वाक्य तुम्ही म्हणा. मग मी वाजवते."

धून त्या लांब सुरावर आली. नारायणरावांनी मोबाइल थांबवला.

"सावकाश..." एवढं म्हणाले, आणि पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

पट्ट्यांवर हात ठेवून पूर्णिमा त्यांच्यासाठी थांबून राहिली.