खुर्चीवरनं खाली

मी सारजा, वरकुट्याच्या अंगणवाडीची मदतनीस. दारोदार हाका मारून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, ही माझी कामं. त्यात कुणी बोट दाखवावं असं मी ठिवत न्हाय. पण अफशीनच्या बाबतीत माझं चुकलं, आन् चांगलंच चुकलं.

अफशीन चार वर्षांची. जन्मापास्नं पाय धरत न्हाईत, हात थरथरतात, बोलताना अडखळती. बाप मुजफ्फर वेल्डिंग करतो. त्यानं पोरीसाठी पट्ट्याची उंच खुर्ची बनवून दिली. आमच्या सेविका सुप्रियाताईंनी हौसेनं पोरीचं नाव पटावर घातलं. मी मनात म्हणलं, ताईंचं काय जातंय, उचलायची तर मलाच.

बाकीची पोरं सतरंजीवर पंगतीला. अफशीन भिंतीकडंला, खुर्चीत. तिला पयल्यांदा भरवून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलेलं. पण पोरगी तोंड उघडंल तर शपथ! चिऊचा घास झाला, काऊचा झाला, डोळं वटारून झालं. व्हट गच्च मिटलेलं. आठवडाभर उपाशीच घरी गेली.

गुरुवारी तिची दादी, जमीलाचाची, तिला सोडायला आली ती दारातच थांबली.

"सारजा, आजचा दिस बसू दे. उद्यापास्नं घरीच ठिवते. पोरगी वाळून चाललीया."

ताईंचा चेहरा पडला. मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. आन् बरं वाटलं म्हणून माझी मलाच लाज वाटली. त्या तिरमिरीत मी इचारलं, "घरी तरी खाती का?"

"खाती की. खाली बसून, भावंडांच्या संगं, एका ताटात. आपल्या हातानं."

"मग हे आधी सांगायला काय झालं व्हतं?"

"तू इचारलंस कवा?"

मी अफशीनला उचलून खुर्चीत बसवलं आन् पट्टा लावला.

चाची पायरीवरच बसून राहिली. जेवणाच्या टायमाला मी पट्टा सोडला. अफशीनला कोपऱ्यात बसवलं, दोन्हीकडनं भिंतीचा आधार, पाठीला गोधडी. सतरंजी ओढून सगळी पंगत तिच्यापतुर नेली. शेजारी आली संस्कृती, आमच्या अंगणवाडीतली सगळ्यात आगाऊ पोरगी. तिनं आपली ताटली मधी सरकवली.

"माझ्यातलं खा."

'अगं, उष्टं!' अगदी व्हटावर आलं व्हतं. गिळलं. हात भरवायला पुढं निघाला व्हता, तोबी मागं घेतला.

अफशीननं मूठ भरली. अर्धी खिचडी फ्रॉकवर सांडली, थोडी संस्कृतीच्या मांडीवर. उरलेली तोंडात गेली. मग दुसरी मूठ. आठवडाभर मी ह्या लेकराला भरवत न्हवते, माझी भांडी लवकर घासून व्हावीत म्हणून कोंबत व्हते.

पंगत चालूच व्हती. चाची आत आली. "चल बेटा, घरी जाऊ."

अफशीननं मान हलवली. तोंडातला घास सावकाश गिळला.

"दा... दी. तू जा."

चाचीनं पदर तोंडाला लावला आन् हुंदका फुटला.

"आता रडताय कशाला?" मी म्हणलं आन् अफशीनच्या फ्रॉकवरची खिचडी पदरानं पुसली. "उद्या दोन फ्रॉक जादा पाठवा."