उर्शुलेबाईंच्या हातांखाली

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि हे मी मातीखालून सांगते आहे. इथे मला फार भीती वाटते.

मला उर्शुलेबाईंनी शिवलं. म्हाताऱ्या गायिकांच्या घरोघर फिरून त्यांनी आमच्या झेमाइती बोलीतली, मयताच्या घरी गायची बेचाळीस गाणी गोळा केली आणि हंसाच्या पिसानं माझ्यात उतरवली. गावात मयत झालं की मला मानानं बोलावणं यायचं. पुढे झारच्या सरकारनं आमच्या अक्षरांत छापलेल्या-लिहिलेल्या सगळ्यावर बंदी घातली आणि मी पिठाच्या पेटीत राहू लागले.

"सूनबाई, हिची नक्कल करून ठेव गं," उर्शुलेबाई म्हणायच्या.

"करते हो, एवढी कापणी होऊ दे," डोमित्सेले म्हणायची. अशा किती कापण्या झाल्या!

मग उर्शुलेबाईच गेल्या. पुरायच्या दिवशी सकाळी त्यांच्या उशाशी मला उघडून गाणं चाललं होतं, तोच अंगणात घोडा थांबला. झारचा शिपाई! डोमित्सेलेनं घाईघाईनं मला सासूच्या जुळवलेल्या हातांखाली, शालीत सरकवलं. ते हात बर्फासारखे गार होते.

शिपायानं पेट्या उपसल्या, गवताच्या गाद्या फाडल्या. प्रेताला हात लावायला मात्र तोही भ्यायला. छातीवर क्रूसाची खूण करून तो निघालाच होता. पण मयताच्या घरून कुणी उपाशी जाऊ नये, ही आमची रीत. गाणं सांगणारे बेनेडिक्टासकाका सवयीनं बोलून गेले, "साहेब, दोन घास वाटाणे खाऊन जा की!"

"काका, जीभ आवरा!" डोमित्सेले पुटपुटली.

साहेब बसले. वाटाणे खाल्ले, बिअर प्याले, पुन्हा वाटाणे मागितले. सुतार झाकण घेऊन आला तरी ते बसलेलेच.

"थांबा, मला त्यांच्या हातांचा मुका घेऊ दे," डोमित्सेले म्हणाली. तिची बोटं माझ्या कडेला लागली. ओढ गं मला, ओढ! पण शिपाई टोपी काढून तिच्या शेजारीच येऊन उभा राहिला. मी सापडले असते, तर घरातली सगळी माणसं सैबेरियाला गेली असती. तिनं बोटं मागे घेतली.

"झाका," ती म्हणाली.

खिळे ठोकले गेले. मग वरून तिचा आवाज आला. माझंच गाणं! दोन कडवी झाली आणि ती थांबली.

"काका, पुढं काय?"

"मला काय ठाऊक, पोरी? मी वहीत बघूनच गायचो."

मला सगळं ठाऊक होतं, पण मला गळा नव्हता.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एकुलती एक वही असेल, तर तिची नक्कल आजच करा. माझ्या पानांना ओल लागली आहे. तिसरं कडवं अजून वाचता येतं.