दोन दोमितिला

निकासियाला योगवाल्या पाहुण्यांचा राग कधीच नव्हता. कुणी डोक्यावर उभं राहो, कुणी एका पायावर, तिचं काय जातं? सुपात मांस नको म्हणाले, तिने घातलं नाही. कांदा-लसूणही नको म्हणाले तेव्हा मात्र ती मनातल्या मनात म्हणाली, मग नुसतं गरम पाणीच प्या की. सोंकोमार्का या जुन्या ओसाड वस्तीच्या पडक्या भिंतींखाली जो माळ आहे, तिथे दर कोरड्या ऋतूत त्यांचे तंबू लागायचे. चूल निकासियाची, खेचरं तिच्या थोरल्या भावाची, इसिद्रोची, आणि वाट दाखवायला, पाहुण्यांचं बोलणं इकडचं तिकडे करायला तिची लेक, दोमितिला. नवरा खाणीत गेला तो परत आला नाही, तेव्हापासून निकासियाला हीच एक. कुस्कोला राहून शिकलेली, तीन भाषांत भांडू शकणारी पोरगी.

शिकवायला हानेके नावाची उंच बाई यायची. मनाने चांगली. निकासियाच्या हातच्या बटाट्यांचं ती तोंड भरून कौतुक करायची, ते समोर दोमितिला नसेल तर चार मोडक्या शब्दांनी आणि हातवाऱ्यांनी. एरवी ती सगळ्यांना माळावरच झोपवायची, बसवायची. त्या दुपारी वारा फार होता, म्हणून ती त्यांना वर भिंतींच्या आडोशाला घेऊन गेली.

कोकाच्या पानांच्या चहाची किटली घेऊन निकासिया चढून आली आणि दारातच थबकली. जिच्या भिंतींत ओळीने कोनाडे आहेत त्या लांब खोलीत रंगीत चटया अंथरल्या होत्या, आणि त्यांवर सगळे मढ्यासारखे उताणे पडले होते. आणि त्यांच्या मधोमध, बरोबर कोनाड्याखाली, दोमितिला. डोळे मिटून. हानेके हळू आवाजात काहीतरी बोलत होती आणि दोमितिला पडल्या पडल्या ते लिमाहून आलेल्या दोघी बायकांना सांगत होती, "शरीर सोडून द्या. आता तुम्ही कुणीच नाही. रिकाम्या व्हा. अगदी रिकाम्या."

निकासियाचं काळीज लक्कन हललं. ही भिंत कुणाची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सूर्य नव्हता तेव्हा जी माणसं चांदण्यात शेती करत होती, त्यांची ही घरं. पहिला सूर्य उगवला तशी ती आत धावली आणि आतच वाळली. वाळली, पण मेली नाहीत. म्हणून इथे कुणी पाठ टेकत नाही. गारपिटीत सापडलेला मेंढपाळ बाहेर झोडपून निघेल, पण या भिंतीला टेकणार नाही. रिकामं घर दिसलं की कुणीतरी शिरतंच. आणि इथे तिची शिकलेली लेक आडवी पडून वर आमंत्रण देत होती.

"दोमितिला!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "दोमितिला, ऊठ!"

दोमितिला दचकून उठून बसली. तोंड पांढरंफटक. तिने आईकडे पाहिलं, पण ओळखीचं पाहिलं नाही. मग ती मुकाट्याने उठली, पाहुण्यांना पेले दिले, खाली उतरली. दिवेलागणीपर्यंत तिचं बोलणं बंद झालं.

सकाळी ती चुलीजवळच्या मेंढीच्या कातड्यावर अंगाचं मुटकुळं करून पडली होती. दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या. भाजलेला मका समोर धरला तर तोंड फिरवलं. चुन्योचं, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं सूप ओठाला लावलं, ते गळ्याशी ओघळलं. मग निकासियाने गरम दुधात बोट बुडवून तिच्या ओठांवर फिरवलं. एवढी थोरली पोर ते बोट चोखू लागली.

निकासियाने बोट मागे घेतलं तसं दोमितिलाचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यातून एक बारीक, चिरका आवाज आला. चुलीखाली पाळलेली गिनिपिगं एकदम गप्प झाली. तो आवाज निकासियाने आयुष्यात थोडेच दिवस ऐकला होता, पण ती तो कुठेही ओळखू शकली असती.

हानेके येऊन बसली होती. तिने दोमितिलाच्या बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, तो चांगला होता. नाडी चांगली होती. ती हात चोळत मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "निकासियाबाई, हे माझ्यामुळे झालं का?"

"तुम्ही झोपवलंत, मी उठवलं," निकासिया म्हणाली. "अर्धा अर्धा वाटून घेऊ."

हानेकेने दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला खाली दवाखान्यात न्यायचं ठरवलं. खेचरावर बांधून नदीपर्यंत, पलीकडे गाडी. इसिद्रोने मान डोलावली, आणि बाई तंबूकडे गेल्यावर बहिणीला बाहेर ओढलं.

"काय म्हणून हाक मारलीस तिथे?"

"काय म्हणून म्हणजे? उठवलं तिला."

"नावाने?"

निकासियाने होकारार्थी मान हलवली.

"नावाने! त्या भिंतींत!" इसिद्रोने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. "अगं सटवे, तिथे त्या नावाची एक आधीच आहे ना! मीच पुरलं तिला या हातांनी. तू हाक मारलीस, तिला वाटलं आई बोलावतेय. समोर अंग मोकळं पडलेलं. ती येणार नाही तर काय करेल?"

सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट होती. निकासियाची पहिली मुलगी पाद्री गावात यायच्या आतच गेली. डोक्यावर पाणी पडलेलं नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही, आणि असं मूल शेताजवळ पुरलं तर गारा पडतात म्हणून शेताजवळही नाही. इसिद्रोने तिला लांब खोलीच्या मागच्या भिंतीशी पुरलं. पुढल्या वर्षी दुसरी झाली. निकासियाने तिला तेच नाव दिलं. म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या, बाप्तिस्मा झालेल्या मुलाचं नाव पुन्हा ठेवावं, बिनपाण्याच्याचं ठेवू नये, ते त्याचं त्याच्याकडेच असतं. तेव्हा निकासिया फाडकन म्हणाली होती, "नाव काय उष्टं होतं का?" तेव्हा जीभ लई चालायची तिची.

"मग आपली दोमितिला कुठे आहे?" तिने विचारलं.

"तिथेच. घरात दुसरं कुणी बसलंय, ती येणार कशी?" इसिद्रोने खाली, दरीत वाजणाऱ्या नदीकडे हनुवटी केली. "उद्या हे अंग नदीपलीकडे गेलं की संपलं. सुटलेला जीव पाणी ओलांडत नाही, ठाऊक आहे तुला. आज ऊन भिंतीवर आहे तोवर काय ते कर."

"तू चल ना, दादा."

"मी पुरलंय तिला. मी दिसलो तर ती भिऊन आणखी आत जाईल." त्याचा आवाज मऊ झाला. "आईच लागते, निके. एकीला नेऊन ठेव, एकीला घेऊन ये. आणि येताना वळून बघू नकोस. काही झालं तरी."

ऊन कलल्यावर निकासियाने दोमितिलाच्या अंगातलं स्वेटर काढलं, पाठीवर मूल बांधायची शाल जमिनीवर पसरली आणि त्यावर स्वेटर ठेवलं. कोकाची तीन चांगली पानं निवडून डोंगराच्या दिशेने फुंकर घातली. मग ती लेकीच्या कानाशी वाकली. काय बोलावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तोंडाने आपोआप तेच सूर काढले जे सगळ्या आया काढतात. "ये गं. ये माझी बाय. चल, पाठीवर ये. आपण भूर जाऊ."

दोमितिलाच्या मुठी उलगडल्या. तोंड उघडं पडलं, मान एका बाजूला कलंडली, आणि अंग असं सैल पडलं की इसिद्रोने दोनदा छातीला कान लावला. "श्वास आहे," तो कुजबुजला. "पण थोडा. पळ!"

निकासियाने शालीची टोकं धरून पाठीवर घेतली. शालीत फक्त एक स्वेटर होतं. पण ती जड होती.

ती चढू लागली. माळावर पाहुणे सूर्याकडे तोंड करून हात जोडून उभे होते. एका बाईने हसून तिलाही हात जोडले, निकासियाने मान हलवली आणि पुढे गेली. पाठीशी ऊब लागत होती. मणक्यापाशी काहीतरी हळूच हलत होतं, गुडघे पोटाशी घेऊन तान्हं हलतं तसं. तिला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी तिच्या आटलेल्या छातीत कळ उठत होती. हिला तिने पाठीवर कधी घेतलंच नव्हतं. बाळंतपणातून उठायच्या आत इसिद्रो आणि नवरा तिला घेऊन गेले होते. लाजिरवाणी गोष्ट, पण क्षणभर तिच्या मनात आलं, असंच चालत राहावं, पलीकडच्या खिंडीपर्यंत. खाली एक अंग पडलंय याचा तिला विसर पडला.

मग वाटेवरचा दगड निसटून गडगडला आणि ती भानावर आली. ऊन कोनाड्यांच्या वर सरकलं होतं.

लांब खोलीच्या मागे, भिंतीच्या पायथ्याशी ती गुडघ्यांवर बसली. गाठ सोडली. शाल हळूच जमिनीला लागली, आणि आतलं स्वेटर दबलेलं होतं, कुणीतरी त्यावर निजल्यासारखं. तिने सांगायला सुरुवात केली, ही तुझी जागा, इथेच राहा, मी येत जाईन. तोच लांब खोलीतून पावलं ऐकू आली. येरझाऱ्या. दोमितिला उजवा पाय जरा घासून टाकायची, तसा तो आवाज होता.

"दोमितिला!" निकासियाने हाक मारली. "चल, घरी चल!"

पावलं थांबली. आणि शाल तिच्या हाताशी ओढली गेली. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. आतून पाऊल उचलण्याआधी इकडून शाल तिच्या मांडीवर चढू पाहत होती. एक नाव, दोन ओ देणाऱ्या. आणि शालीतल्या तान्हीला चालावं लागत नव्हतं, ती तर आईच्या मांडीशीच होती. तीच दरवेळी आधी पोचणार होती.

ऊन भिंतीच्या शेवटच्या ओळीवर आलं. कोनाड्यांतला काळोख जाड दिसू लागला, आणि त्यात एकापेक्षा जास्त काहीतरी सावरून बसल्यासारखं तिला वाटलं. काय करायचं ते तिला कळलं होतं. तिने शालीवर हात ठेवला.

"ऐक," ती शालीला म्हणाली. "ऐक, बाय. हे नाव तुझं नाही. मी तुला दिलं होतं, मी परत घेते. आता दोमितिला म्हणून कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. ती तुला नाही. तुला कुणी हाक मारणार नाही."

शाल एकदम हलकी झाली.

निकासियाने स्वेटर उचलून छातीशी धरलं, शाल तिथेच सोडली, आणि उठून पाठ फिरवली. "दोमितिला! घरी चल, दोमितिला! इंग्रजी शिकलेली, मामाशी भांडणारी, चल!" ती उतरू लागली. मागे पावलं आली, उजवा पाय घासत, जवळ जवळ. आणि त्या पावलांच्या मागे, वर, भिंतीशी, रडणं सुरू झालं. पोट रिकामं असल्याचं रडणं. पाय आपोआप वळू पाहत होते. निकासियाने ओठ इतका चावला की रक्त आलं, पण मान वळवली नाही. ती नावाने हाका मारत राहिली, त्या रडण्यापेक्षा मोठ्याने, माळावरून, तंबूंमधून. पाहुणे बाजूला झाले. हानेकेने तोंडावर हात ठेवला.

उंबऱ्याआतून इसिद्रोने विचारायचं ते विचारलं, "आली का?"

"आली," निकासिया म्हणाली, आणि स्वेटर लेकीच्या अंगावर पांघरलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग दोमितिलाने लांब श्वास घेतला, खोकली, उठून बसायला लागली. "कसला धूर केलायस, मामा?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि माझं स्वेटर कुणी काढलं? गारठून मरायची पाळी आली." इसिद्रो हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. निकासियाने सूप ओतलं. वाडगा दोमितिलाने दोन्ही हातांनी धरला, घटाघट प्याली, आणखी मागितलं. निकासिया तिच्या तोंडाकडे बघत बसली.

दुसरा वाडगा अर्धा झाला असेल, दोमितिलाने मान वर केली. "आई, बाहेर कुणीतरी रडतंय."

इसिद्रो वाऱ्याविषयी काहीतरी पुटपुटला.

"वारा नाही, मामा. लहान मूल आहे, दूर आहे." तिने वाडगा खाली ठेवला. "कुणाचं आहे गं? हाक मारून आत घे ना त्याला."

"हाक मारता येत नाही," निकासिया म्हणाली आणि उठून दाराला आतून कडी घातली. "तिला नाव नाही."