नटावरची पांढरी रेघ

माझ्या मुलीची गाडी म्हणजे गाडी कमी आणि खोली जास्त. सात माणसं बसतात, मागे पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांचे चार क्रेट राहतात, आणि तरी छत्र्या ठेवायला जागा उरते. तिचं कामच ते आहे: लांबलांबच्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणायचं. पण ही खोली वळणावर अशी काही कलायची की मागे बाटल्या किणकिणायच्या आणि मधल्या सीटवर धाकट्या नातीच्या पोटात ढवळायचं. "आजोबा, गाडी वाकते," असं ती मला दरवेळी सांगायची, जणू मीच ती वाकवतो.

चाळीस वर्षं मी तंत्रशाळेत मुलांना हत्यारं धरायला शिकवलं, त्यामुळे समजावून दिल्याशिवाय मला राहवत नाही. गाडीच्या पोटाखाली डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा आडवा गेलेला असतो. त्याला स्वे बार म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला झुकली की हा दांडा ओल्या टॉवेलासारखा पिळला जातो. पिळलेला टॉवेल जसा हातातून सुटून सरळ व्हायला बघतो, तसाच हा दांडाही बघतो, आणि त्या ओढीने गाडीला फार झुकू देत नाही. दांडा जितका जाड, तितकी ओढ जास्त. मुलीने पुढचा आणि मागचा असे दोन जाड बार मागवले आणि म्हणाली, "बाबा, हे घरीच बसवायचे. तुम्ही असताना मेकॅनिककडे कशाला जायचं?"

हे ऐकून माझी छाती केवढी फुगली, ते मी कबूल करून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शनिवारी सकाळी घरासमोरच्या फरशीवर गाडी उभी केली. मदतीला जावई. तो चष्मे बनवतो. जाड काचेच्या चष्म्यातून स्वतःच्याच हातातल्या पान्याकडे त्याने असं पाहिलं की जणू कोणी त्याच्या हातात बदक दिलं आहे.

"बाबा, माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यांत मोठा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा आहे," तो म्हणाला.

"मग आज तुमची बढती झाली म्हणा, काचवाले."

"बाबा, त्याला छळू नका हं," मुलगी दारातून ओरडली. "एकुलता एक नवरा आहे मला."

काम आम्ही वाटून घेतलं. डावी बाजू माझी, उजवी त्याची. माझ्या कामाचा एक नियम आहे. तो हजारो मुलांनी माझ्याकडून ऐकला आहे आणि माझ्या मुलीने तर पाळण्यातच ऐकला असेल. नट पूर्ण घट्ट झाला की नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी नट सैल झाला, जरासा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. वाकून पाहिलं की कळतं, पाना लावावा लागत नाही. आणि रेघ ओढायची ती ज्याने नट आवळला त्यानेच, आवळून झाल्यावरच. माझ्या मुलीने आजवर माझी रेघ दिसली की तिथे पाना लावलेला नाही. रेघ आहे म्हणजे बाबांनी केलं आहे.

मागचा बार दुपारपर्यंत छान बसला. पुढचा बसवताना माझे गुडघे बोलायला लागले. गाडी स्टँडवर उचललेली होती, मी पाठीवर पडून खाली सरकलो होतो, आणि बारचं टोक चाकाशी जोडणाऱ्या दोन्ही नटांना पान्याने नुसतं टेकवलं होतं. असे नट उचललेल्या गाडीवर शेवटचे आवळायचे नसतात. गाडी खाली घ्यायची, चाकांवर वजन येऊ द्यायचं, बार आपल्या जागी बसला की मग आवळायचे. गाडी उंच असल्यामुळे चाकं जमिनीवर असतानाही खाली शिरता येतं. हे मी जावयाला सांगत होतो. सांगतासांगता त्याला रेघेविषयीही सांगू लागलो.

"म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत?" त्याने पलीकडून वाकून विचारलं.

"अशी. बघा." ब्रश हातातच होता. मी माझ्या टेकवलेल्या नटावर रेघ ओढून दाखवली. मग दुसऱ्यावर. "हात थरथरता कामा नये."

"वा! बाबा, तुम्ही डोळ्यात काजळ घालायचा धंदा काढला असता तरी चालला असता."

त्या शाबासकीवर मी खूश झालो. गाडी खाली घेतली. तेवढ्यात शेजारचे निवृत्त बसचालक कठड्याला टेकून म्हणाले, "मास्तर, हे काय नवीन?" आणि मी त्यांना ओल्या टॉवेलाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागलो. तेवढ्या वेळात जावयाने आपल्या बाजूचे नट ठरावीक जोर आला की 'कट्' वाजणाऱ्या पान्याने आवळले, प्रत्येकी दोनदा तपासले आणि मग शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढून दोन रेघा ओढल्या. बसचालक गेल्यावर मी पाना पुसून पेटीत ठेवला. माझ्या बाजूच्या नटांना तो लागलाच नव्हता. पण मला काही राहिल्यासारखं वाटलं नाही. रेघा तर ओढलेल्या होत्या.

रविवारी सकाळी मुलगी बाजारातून आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"वळणावर आता मस्त चालते. पण पुढून टक-टक आवाज येतोय. खड्डा आला की टक."

तिने टॉर्च घेतला, आडवी झाली आणि दोन्हीकडे पाहिलं. "बाबांच्या रेघा जशाच्या तशा आहेत," ती खालून म्हणाली. "तुझ्याही आहेत. पण तू बार बसवताना काहीतरी वाकडं केलं असणार. बारभोवतीचं रबर उलटं घातलंस का?"

"शक्य आहे," जावई म्हणाला. "माझा काय भरवसा!"

मीही वाकून पाहिलं. डाव्या नटावरची माझी रेघ अखंड होती. सरळ, बारीक, सुंदर.

पण ती अखंड असायलाच नको होती. रेघ मी नट टेकवलेला असताना ओढली होती. त्यानंतर मी तो आवळला असता तर नट फिरला असता आणि रेघ तुटली असती. मला नवी ओढावी लागली असती. रेघ शाबूत होती, याचा अर्थ नट मी कधी आवळलाच नव्हता. माझ्या मुलीच्या नजरेत जी खूण मला निर्दोष ठरवत होती, तीच मला माझी चूक दाखवत होती. आणि सोमवारी पहाटे ती दोन्ही मुलींना आणि सासूबाईंना घेऊन डोंगराच्या वळणांच्या रस्त्याने नणंदेकडे निघणार होती.

तेव्हाच म्हणायचं होतं, "अगं थांब, माझा नट राहिलाय." चार-पाच शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "उजवी बाजू खोलून बघा एकदा."

हे शब्द माझे आहेत. ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाहीत.

जावयाने उजवी बाजू खोलली. मी स्टुलावर बसून त्याला सूचना देत होतो. पाना असा धरा, दम देऊन ओढा, घाई नको. त्याचा पाना निसटला आणि बोटांच्या सांध्यांची सालटं निघाली. त्याने बोटं तोंडात धरली, मग रुमाल बांधला आणि पुन्हा खाली गेला. रबर सरळच होतं. सगळं सरळच होतं. पुन्हा आवळलं, पुन्हा दोनदा तपासलं. मुलगी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. टक.

"उद्या निघायचं रद्दच करते," ती म्हणाली. "नणंदेला काय सांगू? माझा नवरा हौसेने मेकॅनिक झालाय म्हणून? अरे, येत नसेल तर सांगायचं ना! बाबांनी एवढं हात धरून शिकवलं तुला."

तो हसला, पण त्याची मान खाली होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

ती सगळी जेवायला आत गेली. "हात धुऊन येतो," म्हणून मी मागे राहिलो. गाडीखाली शिरलो. डाव्या नटाला पाना लावला. नट अडीच फेरे फिरला आणि मग कट् वाजला. अडीच फेरे! दुसरा दोन फेरे. एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं असतं. केलंही होतं, एकदा नाही, अनेकदा.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रेघा आता तुटल्या होत्या. मी खिशातून रंगाची बाटली काढली, चिंधीने जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या ओढू लागलो. म्हणजे मी चूक दुरुस्त करायला खाली गेलो नव्हतो. मी ती पुसायला गेलो होतो. हे कळत असतानाही माझा ब्रश थांबला नाही.

दोन पावलं गाडीशी येऊन उभी राहिली. घरातल्या सपाता. जावयाने गुडघे टेकून आत डोकावलं. ज्याचे डोळे दिवसभर तांदळाएवढे स्क्रू शोधतात, त्याला ओला रंग, पांढरी झालेली चिंधी आणि माझं तोंड एकाच वेळी दिसलं.

त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "टॉर्च धरू का, बाबा?"

"झालंय," मी म्हणालो.

"घट्ट बसला?"

"बसला."

"बरं झालं." त्याने मला बाहेर यायला हात दिला. रुमाल बांधलेला हात. नंतर तो स्वतःच गाडी घेऊन गल्लीत फिरून आला आणि आत जाऊन ताटावर बसता बसता म्हणाला, "गेला आवाज. माझंच रबर जरा तिरकं बसलं होतं. बाबांनी आत्ता दाखवलं."

"बघ!" मुलगी म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी? बाबा, तुम्ही होता म्हणून."

धाकटी नात वडिलांना चिडवू लागली. "बाबा नापास! बाबा नापास!" तोही तिच्याबरोबर हसत होता. मुलांना मी किती वेळा सांगितलं असेल की चुकलं तर ओरडून सांगा, हत्यार लपवू नका, कारण लपवलेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर पडते. आता ज्याच्या डोक्यावर माझी चूक पडली होती तो माझ्यासमोर भात कालवत बसला होता, हाताला रुमाल बांधून.

"तो नापास नाही," मी म्हणालो. "नट माझ्या बाजूचे सैल होते. मी ते आवळलेच नव्हते. रेघ आधी ओढली, त्याला दाखवायला, आणि मग विसरलो. सकाळी रेघ पाहिल्याबरोबर मला कळलं होतं. तरी त्याला खोलायला लावलं."

"बाबा, राहू द्या ना," जावई हळूच म्हणाला.

"आत्ता सगळे जेवत असताना मी गुपचूप आवळले. आणि वर नव्या रेघा ओढल्या."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि तुला माहीत होतं?" तो ताटाकडे बघत राहिला.

मग तिने मला विचारलं. रागाने नाही. दवाखान्यात विचारतात तसं, साधं. "बाबा, मागच्या वर्षी ब्रेक तुम्हीच बसवले होते ना? चारही चाकांचे?"

"हो."

"ते आवळले होते?"

"हो," मी म्हणालो. मला आठवत होतं की आवळले होते. निदान मला तसं वाटत होतं. रेघा ओढल्याचं मात्र स्पष्ट आठवत होतं.

तिने हात धुतला आणि पेटीतून तो पाना काढला. मीही उठू लागलो.

"तुम्ही जेवा, बाबा," ती म्हणाली. जावई टॉर्च घेऊन तिच्यामागे गेला.

बाहेरून पान्याचा आवाज येऊ लागला. नट घट्ट असला की तो लगेच वाजतो. पहिल्या चाकामागे कट्, आणि पुन्हा कट्. दुसऱ्या चाकामागे तसंच. तिसऱ्याला थोडा वेळ लागला, पण तिथेही वाजला. नात माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती. चौथ्या चाकाचा आवाज यायला फार वेळ लागू लागला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, पण बाहेर जायचं धाडस झालं नाही.