ग्लेनचा नंबर

आर्डिसनं लांब चपटी काठी पोळीखाली सरकवली, पोळी अलगद उचलून तव्यावर उलटली आणि म्हणाली,

"बँकेनं मला क्रेडिट कार्ड नाकारलं."

समोर तिची नणंद लावॉन लाटत होती. चर्चच्या बाजारासाठी दोघी दर नोव्हेंबरात लेफ्सा करायच्या. बटाट्याची ही पोळी लाटायला हात हलका लागतो. लावॉनचा हात हलका होता. जीभ नव्हती.

"बरं झालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कार्ड घेऊन कुठं उधळायला निघाली होतीस?"

"बिस्मार्कला. बेव्हचं ऑपरेशन अठराला आहे. कार्डाशिवाय गाडी भाड्यानं देत नाहीत."

बेव्ह आर्डिसची धाकटी बहीण. खुबा बदलायचा होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मी येते, असं आर्डिसनं तिला सांगूनही टाकलं होतं. दारात तिच्या नवऱ्याचा, ग्लेनचा, पिकअप होता, पण त्याला चर्चपर्यंतचा रस्ता झेपायचा, लांबच्या बिस्मार्क शहराचा नाही. मुलगा, कर्ट, म्हणत होता, थांब, वसंतात मी नेतो. बेव्हचा खुबा वसंतापर्यंत थांबणार नव्हता.

"कारण काय दिलंय?"

आर्डिसनं पिठाच्या डब्याखालून पत्र काढून पुढं केलं. लावॉननं चष्मा कपाळावरून खाली ओढला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती.

*अर्जदाराची नोंद: मयत.*

लावॉननं ती दोनदा वाचली. मग लाटणं हातातच ठेवून इतकी हसली की टेबलावरचं पीठ उडालं.

"अगं, मग तू माझ्या पोळ्या कशाला करपवतेयस? मेलेल्या बाईनं जरा आराम करावा."

"हस तू. मला तीन दिवस काही कळेनासं झालंय."

पोळी खरंच करपली होती. आर्डिसनं ती बाजूला टाकली आणि तव्यावर दुसरी पसरली.

पत्राबरोबर डब्याखालून तीन कार्डंही बाहेर आली होती. आर्डिस पाककृती लिहून ठेवायच्या कोऱ्या कार्डांवर अपील लिहायला बसली होती.

*महोदय,*
*आपण कळवल्याप्रमाणे मी मेलेले नाही.*

दुसरं:

*महोदय,*
*मी जिवंत आहे. पुरावा म्हणून सोबत*

सोबत काय जोडायचं, ते सुचलं नव्हतं.

तिसरं:

*महोदय,*
*काहीतरी गोंधळ झाला आहे. माझे पती ग्लेन टॉलेफ्सन हे*

लावॉननं तिन्ही वाचली. तिसरं वाचून झाल्यावर उलटून मागची बाजूही पाहिली. मागं काही नव्हतं.

"झालं कसं पण हे?"

"शुक्रवारी फोन केला होता. बँकेतला पोरगा म्हणाला, संगणक नाव बघत नाही, सरकारनं प्रत्येकाला दिलेला नंबर बघतो. चौदा महिन्यांपूर्वी अंत्यविधीवाल्यांनी जो फॉर्म भरला, त्यात मेलेल्याचा नंबर म्हणून माझा गेलाय."

"त्या लिंडक्विस्टनं घोळ घातला? तोंडावरूनच तो—"

"लिंडक्विस्टनं नाही. मी."

आर्डिस तव्याकडे बघत बोलत राहिली. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ग्लेनच्या शेतीत कुठला आलाय विमा. दोघांचा आजारपणाचा विमा होता तो तिच्या नोकरीतून, तिच्या नंबरावर. दाताला, गुडघ्याला, शेवटी शेवटी हृदयाला, दवाखान्याच्या खिडकीवर प्रत्येक वेळी विचारायचे, ग्लेनचा नंबर? आणि ती स्वतःचा सांगायची. तोच बरोबर असायचा. ग्लेन मागं टोपी हातात धरून उभा. मग एक दिवस लिंडक्विस्टनं मऊ आवाजात विचारलं, ग्लेनचा नंबर?

"एका दमात सांगितला मी. नऊच्या नऊ आकडे. तो म्हणालासुद्धा, लोक अशा वेळी चाचपडतात, तुमचं कसं सगळं पाठ आहे."

लावॉननं एक गोळा उचलला, पिठात घोळवला, परत ठेवला.

"आणि इतके दिवस कळलं नाही? पेन्शन?"

"दोघांच्या दोन यायच्या. माझी थांबली, त्याची मोठी येत राहिली. विधवेचं तसंच होतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला वाटलं, होतंय ते बरोबर होतंय."

"म्हणजे कागदावर तू गेलीस." लावॉननं बोट आधी वहिनीकडे केलं, मग दाराशेजारच्या रिकाम्या खुंटीकडे. "आणि तो?"

उत्तर देण्याऐवजी आर्डिसनं फ्रीजवरून आणखी एक पाकीट काढलं. बँक तीच. आलंही त्याच दिवशी.

*प्रिय ग्लेन, आपल्यासारख्या ग्राहकासाठी आमचं कार्ड आधीच मंजूर आहे!*

"बघ," लावॉन म्हणाली. "माझ्या भावाला कुणी नाकारत नाही."

पण या वेळी ती हसली नाही. पाकीट तिनं पिठाच्या हातानंच नीट बंद केलं आणि परत फ्रीजवर, होतं तिथंच ठेवलं.

थोडा वेळ दोघी काम करत राहिल्या. लाटणं फिरत होतं, काठी सरकत होती. टॉवेलखालचा ढीग वाढत होता.

"येत्या शुक्रवारी चौदा तारीख," लावॉन एकदम म्हणाली.

"माहीत आहे."

"ऐंशी होतील त्याला."

आर्डिसनं पोळीखाली काठी सरकवली.

"आमच्यात ऐंशीपर्यंत कुणी पोचलं नाही गं. बाबा एकोणसत्तर. हॅरल्डकाका बहात्तर. आजोबांचं तर सोडच." लावॉनचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. "चारच दिवस राहू दे त्याला कागदावर. शनिवारी कर फोन. अपिलाला तीस दिवस दिलेत ना त्यांनी?"

"आज केला तर कार्ड सतराला हातात येईल, असं म्हणाला तो पोरगा. शनिवारी केला तर बेव्ह एकटी."

"हो, तेही आहेच."

"वेडेपणा आहे हा, लावॉन. कुठल्यातरी यंत्रात पडलेला आकडा."

"मी कुठं नाही म्हणतेय? तुझं तू बघ. मी कोण, नणंद."

आर्डिस तव्यावरच्या पोळीकडे बघत राहिली. ही उलटलीय की उलटायचीय, तिला आठवेना. तिनं काठीनं कडा उचलून पाहिली. डाग होते. दुसरीकडूनही पाहिलं. तिकडेही होते. तरी तिनं ती उलटली, मग पुन्हा उलटली.

मग तवा बंद केला आणि फोन टेबलावर ठेवला. हात पिठाचे होते म्हणून स्पीकर लावला.

*नवीन कार्डासाठी एक दाबा. हरवलेल्या कार्डासाठी दोन. खातेदाराच्या मृत्यूची नोंद करण्यासाठी पाच. नाकारलेल्या अर्जाच्या अपिलासाठी सहा.*

तिचं बोट पाच आणि सहाच्या मधे थबकलं. यंत्रानं सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकवलं. तिनं सहा दाबलं.

गाणं लागलं. लावॉन उठून सिंककडे गेली आणि पाठ करून ताटं धुऊ लागली. ती सकाळीच धुतलेली होती.

"आपल्याला ताटकळावं लागलं, माफ करा." बाईचा आवाज तरुण होता. आर्डिसनं पत्रावरचा क्रमांक सांगितला. पलीकडे टकटक झाली, मग थांबली. "अरेरे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मयताशी आपलं नातं?"

"मीच ती," आर्डिस म्हणाली.

"माफ करा?"

"आर्डिस टॉलेफ्सन. मी इथं बसलेय. लेफ्सा करतेय."

"अच्छा." टकटक. "मग, मॅडम, ही नोंद दुरुस्तीला पाठवायची तर मला विचारावं लागेल. प्रत्यक्षात वारलं कोण?"

आर्डिसनं तोंड उघडलं. तिसऱ्या कार्डावरची ओळ तिच्यासमोरच पडलेली होती. माझे पती ग्लेन टॉलेफ्सन हे.

"मॅडम? आहात ना आपण?"

नळ बंद झाला. लावॉन ओल्या हातांनी टेबलापाशी आली, फोनवर वाकली आणि शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली,

"माझा भाऊ."

"नाव सांगाल?"

"ग्लेन. शेवटी दोन एन. सगळे एकच लिहितात, त्याला आवडायचं नाही."

"दोन एन," पलीकडून आलं. "धन्यवाद. आणि ग्लेन यांचा नंबर?"

लावॉननं वहिनीकडे पाहिलं. आर्डिस उठली. खणातून ग्लेनचं निळसर, कडा झिजलेलं सरकारी कार्ड घेऊन आली. चष्मा लावला. आता तो नंबरही तिला पाठ झाला होता. तरी तिनं पहिल्या आकड्याखाली बोट ठेवलं आणि एकेक करून वाचायला लागली.