शेजारची रिकामी बरणी

मी बरणीतून बोलतो आहे. चेन्नईच्या एका मत्स्यसंग्रहात मद्यार्कात बुडवून ठेवलेला, बोटाएवढा मासा. माझा वर्ण तांबूस होता. आता शिजलेल्या भातासारखा पांढरा झालो आहे.

जन्म तांबरमपलीकडच्या एका तळ्यातला. शेवाळ खावे, कमळाच्या देठांआड लपावे, एवढेच आयुष्य. एके सकाळी जाळे आले. त्यात मी सापडलो आणि माझी सोबतीणही. दोघांच्याही कल्ल्यामागे तिरपा काळा पट्टा होता. तो पाहून मत्स्यशास्त्रज्ञ विद्युल्लताबाई ओरडल्या, "एकोजीराव, असा मासा आजवर कोणी नोंदवलेला नाही!"

सोबतिणीचे पोट गाभोळीने फुगले होते. बाईंनी तिला अलगद पाण्यात सोडले.

त्यांचे तंजावरकडचे सहकारी एकोजीराव हसले. "अय्यो बाई, मासे धरायला आलात की बाळंतपण करायला?"

"हसा तुम्ही! पोंगलनंतर येऊ, तेव्हा हिचीच पिल्लं नेऊ."

मला मात्र नेले. माशाचे तोंड डावीकडे ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि तपासणीसाठी मांसाचा तुकडा उजव्या कुशीतून कापायचा, ही या मंडळींची रीत. म्हणून समोरून पाहणाऱ्याला मी अखंड वाटतो. सुटलेल्या सोबतिणीचा तेव्हा मला हेवा वाटला होता.

पोंगल उलटला. बाई गेल्या, तर तळे राडारोड्याने बुजवले होते आणि वर रोलर फिरत होता. परतल्यावर त्या माझ्यासमोर बसून राहिल्या.

"एकट्याच्या अंगावरचा पट्टा हे व्यंग आहे, असंच म्हणतील सगळे. नवी जात सिद्ध कशी करू? तिला आणायला हवं होतं हो."



आता तेथे सदनिका आहेत. पहिल्याच पावसात त्यांच्या वाहनतळात गुडघाभर पाणी साचले. पुढचे एकोजीरावांच्या तोंडून ऐकले: रहिवासी पाणी उपसत होते आणि बाई जाळे घेऊन त्यात उतरल्या. "मॅडम, इथं डासांच्या अळ्या मिळतील," पहारेकरी तमिळमध्ये म्हणाला, "हव्या तेवढ्या न्या!"

ओल्या साडीनिशी त्या आल्या आणि सोबत नेलेली बरणी रिकामीच माझ्याशेजारी ठेवून गेल्या.

ती भरली, तर माझ्या सोबतिणीच्या वंशातला एक जीव जाईल, हे मी जाणतो. ती रिकामी राहिली, तर आम्ही कधी नव्हतोच असे ठरेल. वाचकहो, फळीवर जागा अडते म्हणून कोणी ती उचलू लागले, तर त्याला थांबवा. दर पावसात बाई ती घेऊन निघतात आणि पुन्हा तेथेच आणून ठेवतात, माझ्या उजव्या कुशीकडे.