दुधाळ पाणी

“काका, आज पाण्यात कॅल्शियम टाकलंत ना?”

बाईंचा प्रश्न साधाच, पण काकांच्या हातातला चहा तोंडाशी जाता जाता थबकला.

उंदराच्या मेंदूचे काप जिवंत ठेवायचं खारं पाणी प्रयोगशाळेत काकाच बनवत. असं बनवत, की काप दुपारी उठून आळोखेपिळोखे देतील अशी धास्ती वाटावी. आज मात्र विजेचे झटके दिले तरी पेशींचा प्रतिसाद दाखवणारी पडद्यावरची रेघ ढिम्म.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नेहमी समजावत: कॅल्शियम पेशीत शिरलं की एक एन्झाइम जागं होतं, आणि कॅल्शियम ओसरल्यावरही जागं राहून दोन पेशींमधला सांधा घट्ट करतं. त्यातूनच आठवण टिकते. काका म्हणत, “म्हणजे आमची आत्या! पाहुणे कधीच गेले, ही अजून भांडी लावतेय.”

आज विनोद सुचेना. सकाळचं मीठ आठवलं, साखर आठवली. कॅल्शियमच्या जागी नुसतं धुकं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या गेल्या, मग गल्ली, आणि एक दिवस त्यानं वहिनींनाच विचारलं, “आपण कोण?”

“आठवत नाही, बाई.”

“मग तपासू या की. चंचुपात्रात थोडं पाणी घेऊन ऑक्झॅलेटचे थेंब टाका. कॅल्शियम असेल तर पाणी दुधाळ होईल.”

“आणि नसेल तर?”

“तर पाणी पुन्हा बनवू. त्यात काय एवढं?”

“पाणी बनेल हो पुन्हा,” काका पुटपुटले.

काकांनी ड्रॉपर दाबला. एक थेंब पडला. काही नाही. आणखी दोन पडले. मग पाण्यात पांढरं काही तरंगलं, पसरलं, आणि अख्खं चंचुपात्र गढुळलं.

“बाई, दूध!” काका असे ओरडले, की पलीकडच्या खोलीतले उंदीर सावधान उभे राहिले असतील.

“अहो, रोजचं काम हात करून टाकतो, डोक्याला कुठे विचारतो? मी नाही का, गॅस बंद केला की नाही बघायला जिन्यातून परत जात?” बोलता बोलता बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! काल कापांवर पाणी सोडायच्या नळीतून त्या एन्झाइमला झोपवायचं औषध सोडलं होतं. नळी धुवायची राहिली. माझ्याकडूनच!”

“वय झालं तुमचं,” काका म्हणाले. बाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या.

नळी धुतली. नवा काप, नवे झटके. रेघ वर चढली आणि चढलेलीच राहिली.

संध्याकाळी काकांनी भांडी विसळली. शेवटी ते चंचुपात्र उरलं. तळाशी पांढरा साका बसला होता. त्यांनी ते नळाखाली धरलं. मग नळ न सोडताच बाहेरून पुसलं आणि खिडकीत, उजेडात ठेवून दिलं.